अकरावं तोंड

गेटच्या खोलीत, माझ्या हजेरीच्या रजिस्टरावर आरसा टेकवून, भाऊजी दुपारी साडेबाराला दिवसातली दुसरी दाढी करत होते आणि नेमके तेव्हाच वहीसाहेब आत आले. वहीसाहेब म्हणजे आमच्या कारखान्याचे परदेशी मॅनेजर. हातात सदैव एक काळी वही, म्हणून हे नाव. खरे नाव घ्यायला गेले की आमची बोबडी वळायची. त्यांच्या मागोमाग दुभाषी बाई होत्या.

साहेबांनी साबणाने माखलेल्या भाऊजींकडे पाहिले, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे. मी उगाच एक फाइल उचलून हातात धरली. मनात म्हटले, झाले, आता यांच्याबरोबर आपलेही बिऱ्हाड पाठीवर.

कामाच्या वेळेत दाढी कशासाठी, असे बाईंनी विचारले. भाऊजींनी राहिलेला गाल सावकाश पुरा केला, पाते पुसले आणि म्हणाले, "हे कामच आहे."

साहेबांच्या भुवया वर गेल्या आणि वही उघडली गेली.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कारखान्यातल्या दोन नंबरच्या भट्टीवर चौतीस वर्षे काढलेला माणूस, त्यातली शेवटची अकरा वर्षे मुख्य भट्टीवाला म्हणून. पंधराशे अंशांच्या शेजारी जन्म काढलेल्या या गृहस्थाला सगळे कामगार 'थंडोबा' म्हणत, कारण त्यांना घाई करताना कुणी पाहिले नव्हते. मलाही नोकरी त्यांनीच लावली. आधी भट्टीवरच घेतले होते. तिसऱ्या दिवशी मी चक्कर येऊन पडलो, तेव्हा स्वतः खांद्यावर टाकून खाली आणले आणि गेटवर बसवले. तेव्हापासून मी इथेच आहे. "तुला ऊन सोसत नाही, तू काय लोखंड सोसणार," हे वाक्य त्यांनी मला एवढ्या वर्षांत निदान शंभरदा ऐकवले असेल आणि मीही ते निमूटपणे ऐकून घेतले, कारण ते खरे होते.

तर दाढीची गोष्ट अशी. त्या वेळी भट्टी बंद होती, पण विझलेली नव्हती. निखाऱ्यावर राख ओढून ठेवली की सकाळपर्यंत विस्तव टिकतो, तसेच भट्टीचेही करता येते. पोटात भरपूर कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, भरायचा, वारा तोडायचा आणि वारा आत सोडणारी सगळी तोंडे मातीने लिंपून टाकायची. दोन नंबरला अशी अठरा तोंडे होती, गोल कंबरपट्ट्यासारखी. कुठूनही हवा आत गेली नाही, तर आतला कोक महिनोन्‌महिने धुगधुगत राहतो. पण एक चीर राहिली की तेवढ्यातून भट्टी श्वास घेते, श्वास घेतला की कोक जळतो, कोक संपला की वरचा माल खाली येऊन दगडासारखा गोठतो. एकदा पोटात लोखंड गोठले की तिला कुणी उठवू शकत नाही, सुरुंग लावूनच काढावी लागते.

म्हणून भाऊजी रोज दोनदा भट्टीभोवती फेरी मारत. हातात मातीची बादली. प्रत्येक तोंडाशी थांबून डावा गाल सांध्याजवळ नेत आणि डोळे मिटत. हवा आत ओढली जात असेल तर गालाला कळते, म्हणत. कागदाची पट्टी धरली तर मोठी चीर दिसते, केसाएवढी चीर फक्त गालाला कळते, तीही गाल गुळगुळीत असेल तर. खुंट वाढले की वारा त्यातच अडतो. सकाळच्या दाढीवर दुपारची फेरी भागत नाही, म्हणून दुसरी दाढी.

हे सगळे बाईंनी साहेबांना सांगितले. साहेबांनी लिहून घेतले आणि म्हणाले, मलाही दाखवा. तिघे वर गेले. भाऊजींनी त्यांना तिसऱ्या तोंडाशी उभे करून गाल लावायला सांगितला. साहेबांना छातीपर्यंत नसली तरी चांगली मूठभर दाढी होती. त्यांना काहीच कळले नाही. भाऊजी बाईंना एवढेच म्हणाले, "साहेबांना सांगा, यंत्र चांगलं आहे, पण त्यावर गवत वाढलंय."

बाईंनी हे कसे सांगितले कोण जाणे. पुढच्या सोमवारी एक अनोळखी गोरा गुळगुळीत माणूस ओळखपत्र न दाखवता गेटमधून आत निघाला आणि मी त्याला हटकून बाकावर बसवले. पाच मिनिटांनी त्याने काळी वही बाहेर काढली, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. साहेब मात्र हसले आणि सरळ भट्टीवर गेले. त्या दिवशी नवव्या तोंडाशी त्यांना वारा कळला म्हणे. वर अगदी लहान मुलासारखे ओरडले.

आता थोडे मागचे सांगतो, नाहीतर पुढचे कळायचे नाही. हा कारखाना देशाने बांधला तेव्हा देशाकडे दुसरे काही नव्हते. आगगाडीचे रूळ इथे झाले, पुलांच्या तुळया इथे झाल्या. आमच्या लहानपणी टपालाच्या तिकिटावर दोन नंबरचे चित्र असायचे आणि मास्तर ते वर्गात फिरवून दाखवायचे. मग काळ बदलला, तोटा वाढला आणि सरकारने कारखाना समुद्रापलीकडच्या एका कंपनीला विकला. गेटवरची पाटी उतरवली, तिथे तीन भाषांतली नवी पाटी लावली. त्यातली तिसरी भाषा वाचणारा माणूस गावात नव्हता. लोकांनी दोन दिवस मोर्चा काढला, तिसऱ्या दिवशी कामावर आले. भाऊजी मोर्चातही गेले नाहीत. तेव्हा भट्टी चालू होती आणि चालू भट्टी सोडून जाता येत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. याबद्दल काही लोक त्यांच्याशी वर्षानुवर्षे बोलले नाहीत.

विकताना सरकारने करारात एक अट घातली होती. भट्टी जिवंत असेल तोवर मालकाने ती चालवायची, नाहीतर कारखाना परत करायचा. भट्टी गोठून मेली तर मात्र मालक मोकळा. यंत्रे मोडीत काढावीत, जमीन विकावी, कुणी विचारणार नाही. नऊ वर्षे ती अट कागदातच पडून राहिली. मग पोलादाचा भाव पडला, समुद्रापलीकडून हुकूम आला की साठ दिवस भट्टी झाकून ठेवा, आणि साठाचे शंभर झाले तरी उघडा म्हणून कुणी सांगेना. कोकची नवी खेप रद्द झाली. चार हजार लोक घरी बसले. भट्टीवर फक्त दोन माणसे ठेवली, भाऊजी आणि त्यांच्या हाताखालचा लांब्या. एकशेविसाव्या दिवशी सरकारी इंजिनियर आणि कंपनी मिळून भट्टी तपासणार आणि जिवंत की मेलेली हे कागदावर लिहिणार, असे ठरले.

भट्टी मेली तर कुणाचे भले आहे हे सांगायला ज्योतिषी नको होता. तरी वहीसाहेबांनी कधी भाऊजींची फेरी अडवली नाही, माती कमी पडू दिली नाही, हे मी कबूल करतो. ते कंपनीचे माणूस होते, पण माणूस होते.

सत्तराव्या दिवसाच्या सुमारास भाऊजींची दाढ दुखायला लागली. डावीकडची, खालची. चार दिवस त्यांनी लवंगेवर काढले. पाचव्या दिवशी ताईने ओढून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सुई देऊन दाढ काढली आणि दुसऱ्या दिवशी गाल असा सुजला की डोळा बारीक झाला. ताई म्हणाली, दोन्ही गाल सारखे दिसेपर्यंत घरी बसा. ते सकाळी सहाला दाढी करायला बसले. सुजलेल्या गालावरून वस्तरा फिरवताना बघवत नव्हते.

लांब्याने त्यांना सुचवले होते की काही दिवस फेरी उलटी मारा, म्हणजे उजवा गाल भिंतीकडे येईल. भाऊजींनी ऐकले नाही. चौतीस वर्षे ते भट्टीभोवती एकाच बाजूने फिरले होते. सुजेने आपला गाल बधिर झाला आहे हे त्यांना कळत होते. पण बधिर गालालाही वारा कळेल, इतका त्यांचा त्याच्यावर भरवसा. आजवर कधी दगा दिला नव्हता ना.

नवव्या दिवशी सूज उतरली. त्या संध्याकाळी भाऊजी माझ्या खोलीत आले आणि बाकावर बसून राहिले. बूट काढले नाहीत, हात धुतले नाहीत. मी विचारले, घरी जायचे नाही का. ते म्हणाले, "अकरावं तोंड वारा खातंय."

अकराव्या तोंडामागे पाण्याचा जाड नळ आहे. त्याच्या आड, मान वाकडी केल्याशिवाय दिसत नाही अशा जागी, माती सुकून तडकली होती. बोटभर चीर. आठ दिवस तिथून हवा आत जात होती आणि ते रोज दोनदा तिथे गाल लावून, ठीक आहे म्हणून पुढे जात होते. त्यांनी चीर लिंपून टाकली होती. पण आठ दिवसांत तिथला कोक जळून गेला असणार, हे त्यांना कळत होते आणि मलाही कळले.

"कुणाला सांगितलं?" मी विचारले.

"लांब्याला. तो म्हणाला, गप्प बसा."

"मग बसा की गप्प. भाऊजी, चार हजार चुली आहेत. तुमची एकट्याची नाही ही भट्टी. तपासायला येतील ते एखाद-दुसरं तोंड उघडतील. अकरावंच उघडतील असं थोडंच आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी गेटवर बसणारा माणूस आहे, मला एवढेच सुचते, हे त्यांच्या नजरेत होते. त्या दिवसापासून जेवण अर्ध्यावर आले. ताईला वाटत राहिले की दाढच नीट निघाली नाही. तिने डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

एकशेविसाव्या दिवशी सकाळपासून गेटबाहेर माणसे जमली. घोषणा नव्हत्या. बायका होत्या, निवृत्त म्हातारे होते, लोक कोपऱ्या-कोपऱ्याने उभे होते. मी पाहुण्यांची नोंद करून त्यांच्याबरोबर वर गेलो, कारण सरकारी इंजिनियरांची पिशवी कुणीतरी धरायला हवी होती आणि ती संधी मी सोडणार नव्हतो. भट्टीच्या चौथऱ्यावर मी वीस वर्षांनी पाय ठेवत होतो. तिथे एवढी शांतता कधी नव्हती.

सरकारी इंजिनियर ठेंगणे, चष्मा लावणारे, सावध गृहस्थ होते. त्यांनी चौथे तोंड निवडले. लोखंड बाहेर काढायच्या भोकाच्या वरचे, जायला सोपे. लांब्याने छिन्नीने माती फोडली. झडप सरकवली, आणि आत पाहणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर तांबूस उजेड पडला. एकशेवीस दिवसांनी कोक लाल होता. भिंतीपर्यंत लाल.

लांब्याने खिडकीतून खाली हात हलवला आणि गेटबाहेरून असा आवाज उठला की इंजिनियर दचकले. वहीसाहेबांनी टोपी काढून कपाळ पुसले. त्यांनाही आनंद झालेला होता, तो त्यांनी लपवला नाही. इंजिनियरांनी छापील कागद काढला, माझ्याकडून पिशवीतले पेन मागितले. 'जिवंत' या शब्दापुढच्या चौकटीत त्यांनी पेन टेकवले.

"थांबा," भाऊजी म्हणाले. "अकरावं उघडून बघा."

लांब्याने डोळे मिटून घेतले. खाली अजून लोक ओरडत होते.

इंजिनियर म्हणाले की गरज काय, एक पाहिले तेवढे पुरे. भाऊजी मागच्या बाजूला गेले, लांब्याच्या हातातली छिन्नी घेऊन स्वतः माती फोडली आणि झडप सरकवली. सगळे मागोमाग गेले. आत काळे होते. विझलेल्या चुलीत असते तसे मळकट काळे, कडेला गोठलेल्या धातुमळीचा ओघळ.

मग वहीसाहेबांनी हळू आवाजात काहीतरी विचारले. बाई म्हणाल्या, "साहेब विचारतायत, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो. आठ दिवस वारा लागला. माझा गाल बधिर होता, मला कळलं नाही. उलटं फिरायला हवं होतं, फिरलो नाही. चूक माझी."

"मग आत्ता का सांगितलंत? कागदावर सही होत होती."

मी भाऊजींचा मेहुणा आहे, त्यांची थट्टा करणे माझा हक्क आहे आणि तो मी आयुष्यभर वसूल केला. पण त्यानंतर ते जे बोलले ते मी अजून विसरलो नाही. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"जिवंत म्हणून लिहिलं असतं, तर उद्या इथे अठराही तोंडांनी वारा सोडला असता. या बाजूला लोखंड वितळलं असतं आणि त्याला खाली जायला वाट नसती. मग ते तोंड फोडून बाहेर आलं असतं, या पाण्याच्या नळावर. इथे, आपण उभे आहोत तिथे, सहा माणसं असतात. भट्टी वाचवायची ती त्यांच्यासाठी ना?"

बाईंनी हे सांगितले. सांगताना मध्ये एकदा थांबल्या.

मग भाऊजींनी पुढचे सांगितले. इतक्या वर्षांत मी त्यांना सलग एवढे बोलताना ऐकले नव्हते. भट्टी मेलेली नाही, म्हणाले, तिचे एक अंग गेले आहे. चौथ्या तोंडाकडून सुरुवात करा. चौथे आणि त्याच्या दोन बाजूंची, एवढी तीनच उघडा, वारा अगदी थोडा. खालच्या भोकाशी वाट मोकळी झाली, लोखंड वाहिले, की शेजारचे तोंड उघडा. मग त्याच्या शेजारचे. अकराव्याला सगळ्यांत शेवटी हात लावा. महिना लागेल. घाई केली तर माणसे मरतील, नाही केली तर ती उठेल. वहीसाहेब मध्ये मध्ये थांबवून विचारत होते, वारा किती, कोक किती, आणि खाली बसून गुडघ्यावर वही ठेवून तोंडांचे चित्र काढत होते. सरकारी इंजिनियरही चष्मा पुसत शेजारी बसले. एक वेळ अशी आली की देश, कंपनी, करार सगळे बाजूला राहिले आणि तीन माणसे जमिनीवर बसून एका आजारी भट्टीचा विचार करत होती.

शेवटी साहेब म्हणाले की अहवालात हे असेच लिहितो. भट्टी जिवंत आहे, जखमी आहे, आणि या पद्धतीने चालू होईल. मात्र चीर कशी राहिली याचे कारण लिहावे लागेल. बाईंनी एवढे सांगून, साहेबांना न विचारताच, पुढे म्हटले, "काका, माती आपोआप तडकली असं लिहिता येईल. तुमचं नाव आलं तर कंपनीचा नियम तुम्हाला माहितीये."

नियम सगळ्यांना माहीत होता. सुरक्षेच्या अहवालात ज्याच्या नावावर चूक लागली, त्याने पुन्हा भट्टीच्या चौथऱ्यावर पाय ठेवायचा नाही. नव्या मालकांनी आणलेला नियम, आणि खरे सांगायचे तर नियम वाईट नव्हता. भाऊजींनीच तो दोघांना लावला होता.

"माती आपोआप तडकत नाही," भाऊजी म्हणाले. "घाला नाव."

साहेबांनी वहीत नाव लिहिले. लिहून झाल्यावर वही मिटून त्यांनी भाऊजींचा हात हातात घेतला. माती फोडून तिचा थर बसलेला हात होता तो. सोडल्यावर त्यांनी आपला हात पुसला नाही, हे मी पाहिले.

घरी ताईला मी सांगितले. मला वाटले होते, ती चिडेल. ती म्हणाली, "बरं झालं. महिनाभर पोटात घेऊन फिरत होते. मी आपली दाढेला शिव्या घालत बसले." मग स्वयंपाकघरात गेली आणि तिथून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

समुद्रापलीकडे तो अहवाल काही लोकांना गोड लागला नसणार. पण ज्या अहवालात स्वतःच्या माणसाची चूक नावानिशी लिहिली आहे, तो खोटा आहे असे कसे म्हणणार? सरकारी इंजिनियरांनी तर भाऊजींचे प्रत्येक वाक्य जसेच्या तसे जोडले होते. पाच आठवड्यांनी कोक आला. मालगाडीच्या वाघिणी आत येताना मी एकेक मोजत होतो आणि माझे डोळे भरून येत होते, म्हणून दोनदा मोजणी चुकली.

भाऊजींच्या निवृत्तीला सात महिने होते. वहीसाहेबांनी त्यांना कार्यालयात खुर्ची देऊ केली. ती त्यांनी नाकारली आणि गेटवर मागून घेतले. माझ्या शेजारी, खिडकीपाशी. काम काय, तर आत जाणाऱ्या प्रत्येकाला सुरक्षेची टोपी द्यायची. मला फार संकोच वाटला. त्यांना वाटला नाही. त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्या टोप्या धुतल्या, तुटक्या पट्ट्यांच्या बाजूला काढल्या आणि ज्याला त्याला टोपी देऊन वर हनुवटीखालची पट्टी स्वतः ओढून बघू लागले. चार हजार माणसे कामावर परतली. ज्यांनी मोर्चापासून त्यांच्याशी बोलणे टाकले होते, तेही खिडकीसमोर येऊन हनुवटी वर करून उभे राहिले.

मुख्य भट्टीवाला आता लांब्या होता. वारा सोडला त्या दिवशी खिडकीच्या काचा थरथरल्या. भाऊजींनी मान थोडी तिरकी केली, ऐकले आणि टोप्या पुसत राहिले. वर काय चालले आहे हे त्यांनी मला एकदाही विचारले नाही. विचारायची गरजही नव्हती. मीच दर अर्ध्या तासाने फोन लावून सगळे मोठ्याने बोलत होतो.

सहाव्या दिवशी दुपारी लोखंड वाहिले. सगळा कारखाना तिकडे धावला. कार्यालयातल्या बायका धावल्या, वहीसाहेब धावले, बाई चपला हातात घेऊन धावल्या. गेटवर आम्ही दोघेच उरलो. मी म्हटले, चला, अंगणातून तरी दिसेल. ते म्हणाले, कुणी आत आलं तर टोपी कोण देईल.

तासाभराने लांब्या आला. घामाने निथळत होता. हातमोज्यात तळव्याएवढी लोखंडाची चकती होती, अजून गरम. पहिल्या लोखंडाचा नमुना असा छोट्या साच्यात ओततात. पूर्वी भट्टीवाले तो फोडून आतला दाणा बघत. राखाडी असला तर भट्टी आतून तापली, पांढरा चकचकीत असला तर अजून थंड. आता प्रयोगशाळेतले यंत्र दोन मिनिटांत आकडे देते.

"आकडे आलेत," लांब्या म्हणाला. "पण तुम्ही बघा."

भाऊजींनी चकती घेतली, गेटच्या दगडी पायरीवर ठेवली आणि माझ्या खोलीतला हातोडा आणून एका घावात तिचे दोन तुकडे केले. मग उन्हाकडे धरून पाहू लागले. लांब्या शाळेतल्या पोरासारखा उभा होता.

"मधे राखाडी आहे. कडेला अजून पांढरं. दोन दिवस वारा वाढवू नकोस."

"आकडेही तेच म्हणतायत."

"मग बरोबर असतील आकडे."

मला राहवले नाही. मी म्हटले, "भाऊजी, एक तुकडा घरी न्या. ताईला दाखवा. गेटपास मी फाडतो, आत्ता." आणि खरोखरच पुस्तक उघडून मी त्यांचे नाव लिहायला घेतले.

त्यांनी दोन्ही तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले. सांधा दिसेनासा झाला. क्षणभर ते गरम लोखंड उजव्या मुठीत तसेच धरून ठेवले.

"नको," ते म्हणाले. "कंपनीचं आहे."

त्यांनी तुकडे लांब्याच्या हातमोज्यात ठेवले. तो गेला. तेवढ्यात एक ट्रक आला, चालक उतरून खिडकीशी उभा राहिला. भाऊजींनी त्याला डाव्या हाताने टोपी दिली, डाव्याच हाताने पट्टी ओढून पाहिली. उजवी मूठ त्यांनी मिटूनच ठेवली होती. आत काही नव्हते. दोन्ही तुकडे लांब्याने नेलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते.